जुनं पीसीआय कार्ड, नवीन मशीन आणि मधे ब्रिज: ड्रायव्हर नक्की कोणाचा लिहायचा?

वागळे_रोड१६ (सोमवार, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी, इथे कर्नल-बिर्नल करणारे कोण आहेत माहीत नाही, पण विचारून बघतो. आमचं वागळे इस्टेटला टेस्टिंगचं छोटं युनिट आहे, प्रोटेक्शन रिले तपासायचा एक जुना बेंच आहे, त्याच्या पीसीत एक खास बनवून घेतलेलं पीसीआय (मदरबोर्डवरच्या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं) कार्ड बसवलंय. कार्डावर पीएलएक्स ९०५४ चिप, तिच्या मागे लोकल बसवर (कार्डाच्या आतल्या बसवर) एफपीजीए (हवं ते लॉजिक भरता येणारी चिप), त्यात फिफो (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग), आणि शेवटी एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप). ड्रायव्हर २.६ कर्नलच्या जमान्यातला, ज्याने लिहिला तो केव्हाच कंपनी सोडून गेला, कोडमधे कमेंट औषधालाही नाही.

जुन्या मदरबोर्डचे कपॅसिटर फुगले आणि तो गेला. नवीन इंडस्ट्रियल पीसी आणला, त्यात पीसीआय स्लॉट आहे बघून खूश झालो, पण हा स्लॉट चिपसेटचा नाहीये, बोर्डावर वेगळी पीसीआय एक्सप्रेस ते पीसीआय ब्रिज (दोन बस जोडणारी) चिप टाकलीय आणि तिच्यातून तो काढलाय. ड्रायव्हर मारूनमुटकून ६.x कर्नलवर कंपाइल केला, मॉड्यूल लोड होतं, पण कार्डाचं कुठलंही रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवायची जागा) वाचलं की सगळे एफच (म्हणजे सगळे बिट १) येतात. साहेब म्हणतायत "मधे ब्रिज आलाय ना, मग ब्रिजचा ड्रायव्हर लिही". आता हा ब्रिजचा ड्रायव्हर लिहायचा म्हणजे काय करायचं? कुठून सुरू करू?

डिसेंबरचा_आंबा (सोमवार, रात्री ११:१०)

यूएसबीवालं डेटा अ‍ॅक्विझिशन घ्या आणि झोपा शांत. मेलेल्या म्हशीला चारा घालण्यात अर्थ नाही.

वागळे_रोड१६ (सोमवार, रात्री ११:१८)

आंबा, कार्ड बदललं की पूर्ण बेंच परत कॅलिब्रेट करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, शिवाय एफपीजीएमधे ट्रिगरचं जे लॉजिक आहे ते आता कोणालाच नीट माहीत नाही. म्हैस जिवंत आहे, फक्त गोठा बदललाय.

महापे_रात्रपाळी (मंगळवार, पहाटे १:३५)

साहेबांना सांगा की मधल्या ब्रिजचा ड्रायव्हर लिहायचा नसतो. तुमच्याकडे दोन ब्रिज आहेत आणि दोघांची जात वेगळी आहे, इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

बोर्डावरची जी एक्सप्रेस ते पीसीआय चिप आहे ती पारदर्शक ब्रिज आहे. तिची सगळी रजिस्टरं स्टँडर्डने ठरवून दिलेली आहेत, हेडर टाइप १ (ही ब्रिजची खूण), त्यामुळे लिनक्सचा पीसीआय कोअर बूट होतानाच तिला ओळखतो, बस नंबर देतो, विंडो लावतो आणि विषय संपतो. तिथे तुमचं एक ओळही काम नाही.

९०५४ हासुद्धा ब्रिजच, पण पीसीआय ते लोकल बस. पलीकडे काय आहे ते फक्त कार्ड बनवणाऱ्याला माहीत, म्हणून त्याचा ड्रायव्हर लागतो. म्हणजे तुमच्या हातात जो जुना कोड आहे तोच ब्रिज ड्रायव्हर आहे, फक्त तो कार्ड थेट चिपसेटला लागलंय असं धरून लिहिलेला दिसतोय.

एलएसपीसीआय (पीसीआय डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड) चं झाडवालं आउटपुट टाका, आणि कार्डाचं सविस्तर आउटपुट पण, त्यात कंट्रोलच्या ओळीत मेमरी आणि बसमास्टर (स्वतःहून बसवर व्यवहार सुरू करायची परवानगी) यांच्यापुढे अधिक आहे की उणे ते बघा.

सर्किटवाले_काका (मंगळवार, सकाळी ७:०५)

महापेकरांनी बरोबर सांगितलंय, मी थोडं खोलात जातो कारण ब्रिजच्या आत काय चाललंय ते डोळ्यासमोर असल्याशिवाय हे डीबग होत नाही. (नेरुळला बसून आता एवढंच काम उरलंय मला.)

पारदर्शक ब्रिजच्या कॉन्फिग स्पेसमधे (डिव्हाइसची ओळख आणि सेटिंग ठेवायची जागा) हेक्स १८ पासून तीन आकडे असतात: प्रायमरी, सेकंडरी आणि सबऑर्डिनेट बस. वरून कॉन्फिगची विनंती आली आणि बस नंबर सेकंडरीशी जुळला तर ब्रिज ती टाइप ० करून खालच्या बसवर टाकतो, सेकंडरीच्या पुढचा पण सबऑर्डिनेटपर्यंतचा असेल तर टाइप १ म्हणूनच पुढे ढकलतो, आणि दोन्हीत बसला नाही तर हात लावत नाही. मेमरीचं तसंच, बेस आणि लिमिट अशी जोडी, वरून आलेला पत्ता त्यात पडला तर खाली जातो. खालच्या कार्डाने डीएमए (सीपीयूला मधे न घेता थेट रॅमशी देवाणघेवाण) केला तर उलटं, जो पत्ता विंडोच्या बाहेर आहे तोच वर जातो.

आता गंमत अशी की मेमरी विंडो १ एमबीच्या पटीत असते आणि आय/ओची ४ केबीच्या. तुमच्या ९०५४ ला रजिस्टरांसाठी फक्त २५६ बाइट लागतात तरी मागे एकटं कार्ड असलं तरी अख्खा १ एमबी अडतो. आणि साध्या, प्रीफेच (पुढचं आधीच वाचून ठेवणं) न करता येणाऱ्या विंडोची रजिस्टरं ३२ बिटांपुरतीच असल्यामुळे ती ४ जीबीच्या खालीच बसते. बीआयओएसने ती जागा दुसऱ्यालाच वाटून टाकली असेल तर कर्नल लॉगमधे जागा नाही म्हणून रडलेलं दिसेल. ते आधी बघा.

अजून एक. तुमचा फिफो ज्या बारमधून (कार्डाची जागा कुठल्या पत्त्यावर दिसेल ते सांगणारं रजिस्टर) दिसतो तो प्रीफेचेबल म्हणून जाहीर केलेला नाही ना, तेही तपासा. फिफो वाचला की डेटा निघून जातो, आणि ब्रिजला प्रीफेचेबल सांगितलं तर तो हौसेने पुढचं पुढचं वाचून ठेवू शकतो. मग गेलेले सॅम्पल शोधत बसा.

खारघरचा_पोऱ्या (मंगळवार, दुपारी १:२२)

काका, धागा जरा वळवतो, सॉरी. मी लास्ट इयरला आहे, प्रोजेक्ट म्हणून स्वतःची छोटी ओएस लिहितोय, क्यूईएमयूच्या (सॉफ्टवेअरमधे नकली मशीन चालवणारा प्रोग्राम) रिस्क-फाइव्ह व्हर्ट मशीनवर. पीसीआय स्कॅन लिहिलाय, बस ० वरचं सगळं दिसतं, पण ब्रिज लावून त्याच्यामागे डिव्हाइस ठेवलं की ते दिसतच नाही. २५६ च्या २५६ बस फिरवून बघितल्या. एक्स८६ वर हाच कोड चालला होता मित्राच्या!!

सर्किटवाले_काका (मंगळवार, दुपारी २:४०)

अरे, मित्राच्या मशीनवर तुझ्या कोडच्या आधी बीआयओएस येऊन सगळे बस नंबर लावून गेलेला असतो. तुझ्या व्हर्ट मशीनवर तू थेट कर्नल उठवतोयस, त्या ब्रिजला कोणी काही सांगितलेलंच नाही, सेकंडरी शून्य, सबऑर्डिनेट शून्य. मग तू बस १ मागितलीस तर ती कोणी द्यायची? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

खोलात जात जात नंबर द्यायचे. हेडर टाइप १ दिसला की सेकंडरीला पुढचा मोकळा नंबर दे, सबऑर्डिनेटला तात्पुरता हेक्स एफएफ लिही म्हणजे खाली जे काही असेल तिथपर्यंत विनंती पोचते, मग त्या बसवर तेच फंक्शन स्वतःला परत बोलवेल, आणि परत वर आलास की सबऑर्डिनेटमधे जो शेवटचा नंबर वापरला गेला तो लिही. पत्ता काढायला बस २० ने डावीकडे, डिव्हाइस १५ ने, फंक्शन १२ ने, आणि त्या मशीनवर कॉन्फिगची सुरुवात हेक्स ३००००००० पासून, हे तू केलंच असशील. हेडर टाइपचा सगळ्यात वरचा बिट, म्हणजे बिट ७, मास्क करायला विसरू नकोस, तो मल्टिफंक्शन सांगतो.

महापे_रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३:०५)

पोऱ्या, याच्यापुढचा खड्डा आत्ताच सांगून ठेवतो. नंबर लागले की डिव्हाइस दिसेल पण बार वाचता येणार नाहीत, कारण बारचे पत्ते आणि ब्रिजच्या विंडो पण तुलाच भरायच्या आहेत. आणि विंडो बंद ठेवायची असेल तर बेस आणि लिमिट दोन्ही शून्य करून भागत नाही, शून्य-शून्य म्हणजे पहिला १ एमबी उघडा असा अर्थ होतो. बेस लिमिटपेक्षा मोठा लिहायचा, तेव्हा ती बंद होते. शेवटी ब्रिजच्या कमांड रजिस्टरमधे मेमरी आणि बसमास्टरचे बिट.

सरावाला क्यूईएमयूत एज्यू नावाचं शिकाऊ डिव्हाइस आहे, त्यात इंटरप्ट (डिव्हाइसने सीपीयूला मारलेली हाक) आणि डीएमए दोन्ही आहेत, ते ब्रिजच्या मागे लाव.

खारघरचा_पोऱ्या (मंगळवार, रात्री ९:४८)

दिसलं!! बस १ वर आलं. एज्यू पण सापडलं. काका आणि महापे दादा तुम्हाला खारघरच्या टेकडीएवढं थँक्यू.

वागळे_रोड१६ (मंगळवार, रात्री १०:३०)

अभिनंदन पोऱ्या, माझं मात्र अजून घोडं अडलेलंच आहे. आउटपुट बघितलं. झाड असं आहे: रूट पोर्ट, त्याखाली बस ०२ वर ब्रिज, त्याखाली बस ०३ वर कार्ड, म्हणजे ०३:००.०. लॉगमधे जागा नाही वगैरे काही रडारड नाही, बारला पत्ते मिळालेत. फिफोचा बार नॉन-प्रीफेचेबल दिसतोय. पण कंट्रोलच्या ओळीत मेमरीपुढे उणे, बसमास्टरपुढे पण उणे. आणि ब्रिजच्या ओळीत पण बसमास्टर उणे.

महापे_रात्रपाळी (बुधवार, रात्री १२:५०)

सापडला चोर. तुमच्या कोडमधे पीसीआय_इनेबल_डिव्हाइस शोधा. पैज लावतो, नसणारच. जुन्या बीआयओएसने बूट होतानाच सगळ्या कार्डांची मेमरी चालू करून ठेवली असेल, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. नवीन फर्मवेअरला ज्या कार्डाशी काम नाही ते तो तसंच बंद सोडतो. मेमरी बिट बंद असताना वाचलं की कार्ड उत्तर देत नाही आणि तुम्हाला सगळे एफ मिळतात. बसला कोणी नसल्याचं उत्तर हेच असतं.

ते फंक्शन बोलावलं की ते फक्त कार्ड चालू करत नाही, वरच्या वाटेतले सगळे ब्रिज पण चालू करत जातं, बसमास्टरसकट. ब्रिजचा बसमास्टर बंद असेल तर तुमचं कार्ड डीएमए करून करून थकेल पण वर काही जाणार नाही. म्हणून हाताने सेटपीसीआय (कॉन्फिगचे बिट बदलणारी कमांड) मारून कार्डाचा एक बिट चढवला तर वाचणं सुरू होईल पण डीएमए अडेल, आणि मग आणखी घोळ. नीट क्रमाने करा: इनेबल, रिजन रिक्वेस्ट, आयओमॅप, डीएमए मास्क, सेट मास्टर. आणि प्रोबमधे (कर्नल कार्ड ड्रायव्हरच्या हवाली करतो तेव्हा चालणारं फंक्शन) हे करा, मॉड्यूल लोड होताना सगळ्या बस हाताने चाळणारा जुना प्रकार असेल तर तो काढून टाका.

अश्विनी_ऐरोली (बुधवार, सकाळी ९:१५)

मी विंडोजवाली आहे, पण एक मुद्दा दोन्हीकडे सारखाच आहे म्हणून लिहिते. जुन्या कोडमधे बारचा पत्ता थेट कॉन्फिग स्पेसमधून वाचून मॅप केलेला असतो बऱ्याचदा. तो बसवरचा पत्ता असतो, सीपीयूला दिसणारा नाही. पीसीवर दोन्ही बहुतेक वेळा सारखेच निघतात म्हणून खपून जातं, दुसऱ्या आर्किटेक्चरवर गेलात की तोंडावर आपटता. आमच्याकडे म्हणूनच रॉ आणि ट्रान्सलेटेड असे दोन रिसोर्स देतात आणि नवीन पोरं हमखास चुकीचा उचलतात. लिनक्समधे रिसोर्स विचारायचं फंक्शन आहे ते वापरा.

वागळे_रोड१६ (बुधवार, रात्री ११:२०)

पैज जिंकलात, नव्हतंच ते. आणि अश्विनीताई म्हणाल्या तसं पत्ता पण कॉन्फिगमधूनच काढलेला. दोन्ही बदललं, रजिस्टरं दिसायला लागली, एफपीजीएचा व्हर्जन नंबर बरोबर वाचला. इकडे ऑफिसात टाळ्या.

मग डीएमए चालू केला आणि लॉगमधे डीमार फॉल्टची (डीएमए अडवल्याच्या तक्रारींची) रांग. मजा म्हणजे फॉल्ट करणारं डिव्हाइस म्हणून ०३:००.० येतंय ते ठीक, पण कार्ड काढून बाजूच्या स्लॉटला लावलं, ते ०३:०१.० झालं, तरी फॉल्ट ०३:००.० च्याच नावाने! तिथे तर आता काहीच नाही. भूत आहे का?

महापे_रात्रपाळी (गुरुवार, रात्री १२:१५)

भूत नाही, ब्रिज आहे. साध्या पीसीआय बसवर डीएमए कोणी केला हे व्यवहारासोबत लिहिलेलं नसतं, एक्सप्रेसवर मात्र प्रत्येक विनंतीला मागणाऱ्याचा नंबर लागतो. मग ब्रिज स्वतःच नंबर चिकटवतो: सेकंडरी बस, डिव्हाइस ०, फंक्शन ०. त्यामुळे आयओएमएमयूला (डीएमएचे पत्ते तपासून बदलणारं हार्डवेअर) त्या ब्रिजमागची सगळी कार्डं एकच दिसतात. लिनक्स म्हणूनच त्यांना एका ग्रुपमधे टाकतो.

फॉल्ट का येतोय ते वेगळं. जुना कोड बफरचा फिजिकल पत्ता काढून तोच कार्डाला देत असणार. आता मधे आयओएमएमयू आहे, त्याला तो पत्ता माहीत नाही. डीएमए_अलॉक_कोहेरंट वापरा, ते जो बसचा पत्ता देईल तोच ९०५४ च्या हेक्स ८४ मधे लिहा. मास्क ३२ बिट ठेवा. आयओएमएमयू बंद करून टाका असा सल्ला कोणीतरी देईलच, ऐकू नका.

डिसेंबरचा_आंबा (गुरुवार, सकाळी ८:३०)

मी तोच सल्ला द्यायला आलो होतो :)

सर्किटवाले_काका (गुरुवार, सकाळी ८:४५)

वागळेकर, ९०५४ चा डीएमए मोड रजिस्टर पण एकदा नजरेखालून घाला, हेक्स ८०. फिफोतून वाचताय म्हणजे बिट ११ हवा, नाहीतर चिप प्रत्येक शब्दाला लोकल पत्ता वाढवत जाईल. आणि बिट १७ हवा, तो नसेल तर डीएमए संपल्याचा इंटरप्ट पीसीआयकडे न येता लोकल बाजूला जातो, तिथे तुमच्याकडे ऐकणारा प्रोसेसरच नाही. जुन्या कोडमधे असतीलच, पण नवीन लिहिताना लोक हेच दोन विसरतात.

वागळे_रोड१६ (शुक्रवार, रात्री ९:५५)

दोन्ही बिट आहेत काका. कोहेरंट बफर केला, फॉल्ट बंद, डेटा येतोय, वेव्हफॉर्म स्क्रीनवर दिसला. पण आता जे चाललंय ते समजेना.

एक, ब्लॉक मोजणारा काउंटर कधी कधी एकदम दोनने पुढे जातो आणि तोच ब्लॉक दोनदा फाइलमधे येतो. दोन, अधूनमधून ब्लॉकच्या शेपटीतले काही सॅम्पल आधीच्या ब्लॉकचे असतात. खात्री करायला प्रत्येक डीएमएच्या आधी बफर एका ठराविक आकड्याने भरून ठेवला, तर इंटरप्ट आल्यावर शेवटच्या थोड्या जागेत तोच आकडा तसाच बसलेला सापडतो. म्हणजे डेटा अजून आलाच नाही आणि इंटरप्ट आधी आला. आणि हँडलरमधे कार्डाची दोन रजिस्टरं वाचून लॉगमधे छापली की दोन्ही आजार गायब! छपाई काढली की परत हजर.

डिसेंबरचा_आंबा (शुक्रवार, रात्री १०:०४)

मग छपाई राहू द्या की. नाहीतर दहा मायक्रोसेकंदांचा डिले टाका. प्रॉडक्शनमधे असे डिले मी ढिगाने बघितलेत.

सर्किटवाले_काका (शुक्रवार, रात्री १०:२६)

आंबा, डिले टाकून हे झाकलं तर लोड वाढल्यावर परत वर येईल आणि तेव्हा रिलेचं टेस्ट रिझल्ट चुकीचं जाईल, हा खेळ नाही.

वागळेकर, हँडलर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) इथे टाका.

वागळे_रोड१६ (शुक्रवार, रात्री १०:४१)

पूर्ण टाकता येणार नाही, पण सांगतो, छोटाच आहे: आल्या आल्या हेक्स ए८ ला इंटरप्ट क्लियरचा बिट लिहितो, काउंटर एकने वाढवतो, वाचणाऱ्या थ्रेडला उठवतो, आणि हँडल झालं म्हणून परत. बस.

महापे_रात्रपाळी (शनिवार, पहाटे १:१०)

म्हणजे हँडलर कार्डाकडून एकही गोष्ट वाचत नाही, फक्त लिहितो. दोन्ही आजार यातूनच येतायत आणि दोघांची दिशा उलटी आहे. सविस्तर लिहितो कारण ब्रिजमागच्या ड्रायव्हरमधे हे वारंवार होतं.

आधी शेपटीचं. कार्डाने डेटा पाठवला म्हणजे ते लिखाण पोस्टेड असतं, कुरिअरवाला पार्सल सोसायटीच्या गेटवर ठेवून डिलिव्हर्ड म्हणून मोकळा होतो तसं. कार्डाच्या मते काम झालं, डेटा मात्र ब्रिजच्या बफरमधे. इंटरप्टची तार मात्र वेगळी आहे, ती डेटाच्या रांगेत उभी राहत नाही. ब्रिज त्या तारेचा एक्सप्रेस मेसेज करून वर पाठवतो आणि तो डेटाच्या आधी पोचणार नाही अशी हमी ड्रायव्हरने धरायची नसते, पीसीआयच्या नियमांत ही जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकलेली आहे.

उपाय: हँडलरमधे सगळ्यात आधी कार्डाचं एखादं रजिस्टर वाचा. वाचण्याचं उत्तर त्याच वाटेने वर येतं ज्या वाटेने डेटा येतोय, आणि नियम असा की उत्तराला आपल्या पुढच्या पोस्टेड लिखाणाला ओलांडता येत नाही. उत्तर हातात पडलं म्हणजे डेटा रॅममधे पोचलेला आहेच. इंटसीएसआर (९०५४ चं इंटरप्टचं रजिस्टर) वाचा, हेक्स ६८, त्यात बिट २१ म्हणजे डीएमए चॅनल ० चा इंटरप्ट. तो चढलेला नसेल तर इंटरप्ट आपला नाही, नाही म्हणून परत जा. एका वाचनात दोन कामं झाली.

आता दोनदा मोजण्याचं. तुम्ही क्लियर लिहिलंत, ते लिखाण पण पोस्टेडच, फक्त खाली जाणारं. ते कार्डापर्यंत पोचायच्या आधीच हँडलर संपला. तार अजून खालीच ओढलेली, लेव्हल ट्रिगर (तार ओढलेली असेपर्यंत हाक चालूच) असल्यामुळे कर्नलने परत हाक मारली, आणि तुमच्या हँडलरने न विचारता काउंटर वाढवला. म्हणून क्लियर लिहिल्यावर तेच रजिस्टर परत वाचा, म्हणजे लिखाण खाली ढकललं जातं.

छापायला म्हणून तुम्ही रजिस्टरं वाचत होतात, त्या वाचनाने दोन्ही आजार बरे होत होते. छपाईचा संबंध नाही. छपाई ठेवून वाचन काढा, आजार परत येईल बघा.

अश्विनी_ऐरोली (शनिवार, सकाळी १०:०२)

रीडबॅक केल्यावरही एखादी फुकटची हाक येऊ शकते, कारण तार सोडल्याचा मेसेज वर यायलाही वेळ लागतो. त्यात घाबरायचं नाही, बिट बघायचा, नसेल तर नाही म्हणायचं.

महापे_रात्रपाळी (शनिवार, सकाळी १०:३०)

हो, आणि लिनक्स त्यावर लगेच चिडत नाही. १,००,००० हाकांमधल्या ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाल्या तरच ती लाइन बंद करतो. एखाद-दुसरी कुठे त्यात.

डिसेंबरचा_आंबा (शनिवार, सकाळी ११:१२)

मग जुन्या मशीनवर इतकी वर्षं कसं चाललं? का उगाच सगळा दोष कोडला?

सर्किटवाले_काका (शनिवार, दुपारी १२:२०)

तिथे मधे दुसरा ब्रिज नव्हता, वाट आखूड होती, डेटा इंटरप्टच्या आधी पोचायचा आणि लाइन पण कोणाशी वाटून घ्यायची नव्हती. चाललं म्हणजे बरोबर होतं असं नव्हे. आमच्या वेळी बॅकप्लेनवर पीसीआय ते पीसीआय ब्रिज असायचे, तिथे हाच कोड पहिल्याच दिवशी पडला असता.

पोऱ्या, तू वाचतोयस ना? हे तुला क्यूईएमयूत दिसणार नाही. तिथे लिखाण झालं म्हणजे झालं, मधे बफरात अडकून राहणं नाही. तिथे चाललं म्हणून खऱ्या बोर्डावर चालेल असं धरू नकोस.

खारघरचा_पोऱ्या (शनिवार, दुपारी १:०५)

वाचतोय काका. पण मग दरवेळी वाचायचं म्हणजे स्लो नाही का होणार?

महापे_रात्रपाळी (शनिवार, दुपारी १:४०)

होतंच. लिहिणं सीपीयूला जवळपास फुकट, वाचताना तो उत्तर येईपर्यंत थांबतो, आणि ब्रिजपलीकडून उत्तर यायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ जातो. म्हणून गरज तिथेच वाचायचं. प्रत्येक सॅम्पलला नाही, प्रत्येक ब्लॉकला दोनदा. ब्लॉक मोठा ठेवला की खर्च दिसतही नाही.

अश्विनी_ऐरोली (शनिवार, दुपारी २:१५)

एमएसआय (तारेऐवजी मेसेजने येणारा इंटरप्ट) असतं तर पहिल्या वाचनाची गरजच नसती, कारण एमएसआय हे स्वतःच एक पोस्टेड लिखाण, डेटाच्या मागून त्याच रांगेत येतं. वागळेकर, कॅपॅबिलिटीत दिसतंय का?

वागळे_रोड१६ (शनिवार, रात्री ८:५०)

नाही ताई, पॉवर मॅनेजमेंट वगैरे दिसतं, एमएसआय नाही.

बरं, आज युनिटला जाऊन बसलो. पहिलं वाचन टाकलं, शेपटी साफ. दुसरं टाकलं, डबल मोजणं बंद. महापेकरांनी सांगितलं तसं उलटंही करून बघितलं, छपाई ठेवली आणि वाचन काढलं, की आजार परत आला. जेवायला मामलेदारची मिसळ मागवली, तिखट, डोळ्यातून पाणी येईपर्यंत बेंच चालू ठेवला, एक ब्लॉक इकडचा तिकडे नाही. साहेबांना अजून पटत नाहीये की ब्रिजचा ड्रायव्हर लिहावाच लागला नाही, त्यांनी मीटिंगमधे ब्रिजचा ड्रायव्हर लिहिला असंच सांगितलंय वरती.

एक शेवटचं. कपाटात याच कार्डाचा स्पेअर सापडला, तो लावला तर प्रोबच होत नाही. एलएसपीसीआयमधे दिसतो, व्हेंडर १०बी५, डिव्हाइस ९०५४. चालणाऱ्या कार्डाचे नंबर वेगळे आहेत. आयडी टेबलमधे १०बी५ आणि ९०५४ पण टाकून देऊ का?

सर्किटवाले_काका (शनिवार, रात्री ९:३०)

नको! ते चिपचे कोरे नंबर आहेत. स्पेअरचा सिरीयल ईईप्रॉम (कार्डाचे नंबर आणि सेटिंग साठवणारी छोटी मेमरी) रिकामा आहे किंवा गेलाय, म्हणून चिप स्वतःचंच नाव सांगतेय. याच चिपवर कित्येकांनी कितीतरी वेगळी कार्डं काढलीत, ते नंबर टाकलेस तर उद्या दुसऱ्याच कोणाच्या कार्डाला तुझा ड्रायव्हर जाऊन चिकटेल आणि त्याच्या लोकल बसवर काहीबाही लिहील. शिवाय ईईप्रॉम रिकामा म्हणजे लोकल बसची रुंदी, पत्त्याची रेंज, काहीच लागलेलं नाही, त्यामुळे प्रोब झाला तरी फिफो चालणार नाही.

चालणाऱ्या कार्डाचा ईईप्रॉम वाचून फाइलमधे ठेव, हेक्स ६सी च्या रजिस्टरमधे बिट २४ ते २७ हलवून वाचता येतो. मग तोच स्पेअरवर लिही. आणि वाचायचं काम सोमवारी पहिलं कर, कारण चालणारं कार्ड एकच आहे तुझ्याकडे.

वागळे_रोड१६ (शनिवार, रात्री ९:३४)

सोमवार कशाला, उद्याच जातो.